टाळ-पेटी पुसायची की खिडकी उघडायची?

प्रश्न देवगड तालुक्यातल्या एका ताईंचा आहे. त्यांच्याकडे सात दिवसांचा गणपती असतो. गेल्या वर्षी मुंबई-ठाण्याहून चाकरमानी आले, घर भरलं. तिसऱ्या दिवशी एक पुतण्या शिंकायला लागला आणि विसर्जनापर्यंत निम्मं घर ताप-खोकल्याने आडवं झालं. वाडीतल्या भजनी मंडळींचं निदान असं, "एकाक लागला काय सगळ्यांका लागता, तेच टाळ, तीच पेटी." कोणी म्हणालं फुलपात्रं वेगळी ठेवा, कोणी म्हणालं बाजारातल्या नोटा इस्त्री करून घ्या. घरात दम्याच्या सासूबाई आहेत आणि या वर्षी चार महिन्यांचा नातू असणार आहे. शिवाय घरातल्या दोन खोल्या त्या पर्यटकांना न्याहारी-निवासासाठी देतात. हे विषाणू खरंच वस्तूंवरून पसरतात का, आणि यंदा सगळं घर सॅनिटायझरने पुसत बसू का, असं त्यांनी विचारलंय.

ताई, आधी थेट उत्तर देतो. वस्तूंवरून लागण होऊ शकते, पण फ्लू आणि कोरोनाच्या बाबतीत तो मार्ग अगदी किरकोळ आहे. तुमच्या घरातली साथ टाळांनी पसरली असण्याची शक्यता कमी. टाळ वाजवताना बंद ओटीवर सगळ्यांनी मिळून जी हवा घेतली-सोडली, तिच्यामुळे पसरली असण्याची शक्यता कितीतरी जास्त. मात्र चार महिन्यांच्या बाळाचा हिशेब वेगळा आहे. तिथे हात फार महत्त्वाचे आहेत. त्याबद्दल पुढे नीट लिहितो, कारण तुमच्या प्रश्नातला खरा काळजीचा भाग तोच आहे.

वस्तूंची भीती आली कुठून ते आधी पाहू. मार्च 2020 मध्ये अमेरिकेतला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात कोरोनाचा विषाणू प्लास्टिक आणि स्टीलवर तीन दिवसांपर्यंत, पुठ्ठ्यावर 24 तासांपर्यंत आणि तांब्यावर 4 तासांपर्यंत जिवंत सापडला. त्याच महिन्यात डायमंड प्रिन्सेस या जहाजाची बातमी आली, की प्रवासी उतरून 17 दिवस झाले तरी केबिनमध्ये विषाणूचे अंश मिळाले. लोकांनी दुधाच्या पिशव्या धुवायला सुरुवात केली. आपल्याकडेही मुंबईहून आलेल्या माणसाच्या बॅगेवर औषध फवारून ती अंगणात ठेवली जात होती.

हे दोन्ही निष्कर्ष खरे आहेत, पण त्यांचा अर्थ लोकांनी घेतला तेवढा मोठा नाही. जहाजावर सापडला तो विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचे अवशेष. पीसीआर तपासणीला जिवंत आणि मेलेला विषाणू यांतला फरक कळत नाही. आणि प्रयोगशाळेतल्या तीन दिवसांचं म्हणाल, तर सुरुवातीला पृष्ठभागावर विषाणू भरपूर टाकलेला होता आणि तो सतत घटत होता. स्टीलवर दर साडेपाच-सहा तासांनी निम्मा, मग त्याचा निम्मा, अशी ती उतरण आहे. तिसऱ्या दिवशी उरतो तो जेमतेम मोजता येण्याएवढा.

आता प्रत्यक्षात वस्तूवरून लागण व्हायची तर काय काय घडावं लागतं ते बघा. पुतण्या हातावर शिंकला आणि त्याच हाताने त्याने पेटीच्या पट्ट्या दाबल्या. हातावरचा थोडा विषाणू पट्टीवर गेला. त्याचा ओलावा काही मिनिटांत सुकला, आणि सुकताना बराच विषाणू मेला. पुढचा माणूस पेटीवर बसला तेव्हा उरलेल्यातला थोडाच त्याच्या बोटांना चिकटला, कारण सुकलेला थेंब ओल्या थेंबाइतका सहज उचलला जात नाही. फ्लूचा विषाणू माणसाच्या हातावर पाचेक मिनिटांतच फार घटतो, हे 1982 सालीच मोजलं गेलंय. त्या अवधीत त्या माणसाने बोट नाकात किंवा डोळ्याला लावलं, तर लागण. नुसतं गालाला लावून भागत नाही. प्रत्येक पायरीवर विषाणू गळतो. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने एप्रिल 2021 मध्ये सगळा पुरावा पाहून अंदाज दिला, की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागल्याने कोरोना होण्याची शक्यता साधारणपणे 10,000 मध्ये 1 पेक्षाही कमी आहे.

म्हणजे शून्य नाही. आपण चेहऱ्याला किती वेळा हात लावतो याची आपल्याला कल्पना नसते. वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या एका निरीक्षणात तासाला सरासरी 23 वेळा हात चेहऱ्याकडे गेला, आणि त्यातले जवळपास निम्मे स्पर्श नाक, तोंड किंवा डोळ्यांना झाले. हे डॉक्टर होऊ घातलेल्या मुलांचं. म्हणून हात धुण्याचा सल्ला मी कधीच मागे घेणार नाही. हात धुण्याने श्वसनाचे आजार साधारण सहा-सातांत एकाने कमी होतात, असं वेगवेगळ्या अभ्यासांची बेरीज सांगते. हा फायदा खरा आहे. तो एवढाच आहे, हेही तितकंच खरं आहे.

साध्या सर्दीवर या प्रश्नाचा सगळ्यात जुना वाद झाला. सर्दी सर्वाधिक वेळा ज्या ऱ्हायनोव्हायरसने होते, त्यावर अमेरिकेतल्या व्हर्जिनियामध्ये 1978 साली प्रयोग झाला. सर्दी झालेल्यांच्या दूषित हातांना हात लावून मग स्वतःच्या नाका-डोळ्यांना लावायला सांगितलं, तर 15 पैकी 11 जणांना लागण झाली. यावरून सर्दी हातानेच पसरते असं ठरून गेलं. पुढे विस्कॉन्सिनमधल्या संशोधकांनी 1987 मध्ये फार हुशारीने उलटतपासणी केली. सर्दीवाले आणि निरोगी लोक यांना एकत्र बसवून बारा तास पत्ते खेळायला लावले. निरोगी खेळाडूंपैकी काहींच्या हाताला किंवा मानेभोवती अशी अडकवण केली होती, की त्यांना स्वतःच्या चेहऱ्याला हात लावताच येऊ नये. तरी त्यांना सर्दी झाली, आणि मोकळ्या हाताच्या खेळाडूंपेक्षा फारशी कमी नाही. मग सर्दीवाल्यांनी हाताळून चिकट झालेले तेच पत्ते दुसऱ्या खोलीत 12 निरोगी माणसांना खेळायला दिले, आणि मुद्दाम चेहऱ्याला हात लावत राहायला सांगितलं. एकालाही सर्दी झाली नाही.

मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो, कारण त्यात वस्तू आणि हवा या दोन गोष्टी वेगळ्या काढल्या. आपल्या घरात त्या कधी वेगळ्या नसतात. ज्याने पेटी वाजवली, तो त्याच ओटीवर तासभर श्वासही घेत होता. लागण झाली की नजर पेटीवर जाते, कारण पेटी दिसते.

तुमच्या ओटीचंच बघू. भाद्रपदातली रात्र, बाहेर पाऊस कोसळतोय. झड आत येऊ नये म्हणून खिडक्या बंद, ओटीच्या उघड्या बाजूला ताडपत्री बांधलेली. मखरासमोर पंचवीस-तीस माणसं दाटीने उभी. आरत्या सुरू होतात, एकामागून एक, शेवटच्या 'घालीन लोटांगण'पर्यंत सगळे पोटापासून म्हणतात. त्यानंतर भजन. माणूस जितक्या मोठ्या आवाजात बोलतो किंवा गातो, तितके जास्त बारीक थेंब त्याच्या तोंडातून बाहेर पडतात. त्यातले मोठे थेंब चार-सहा फुटांच्या आत खाली पडतात, पण अतिसूक्ष्म थेंब हवेत तरंगत राहतात. अशा बंद ओटीवर ते कितीतरी वेळ राहणार.

10 मार्च 2020 ला अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात एका समूहगानाच्या मंडळीने अडीच तास सराव केला. 61 जण होते. दारात सॅनिटायझर ठेवलेला होता, मिठ्या आणि हस्तांदोलन त्यांनी टाळलं होतं. एकाला सर्दीसारखी लक्षणं होती. त्यानंतर 53 जण आजारी पडले, दोघं दगावले. मधल्या वेळात खाणं झालं, खुर्च्या हलवल्या गेल्या, तेव्हा काहींना हाताने लागण झाली असेलही. पण अडीच तासांत एवढ्या माणसांना लागण होते तेव्हा त्यामागे हवाच असते. आपलं भजन याहून वेगळं नाही.

घरातली हवा किती हलते हे बघायचा उपाय तुमच्या हाताशीच आहे. आरती झाल्यावर धुपाचा धूर खोलीत किती वेळ रेंगाळतो ते पाहा. पाच-दहा मिनिटांत विरला तर ठीक. अर्ध्या तासानेही ट्यूबलाइटखाली निळसर थर दिसत असेल, तर खोकणाऱ्याच्या श्वासाचंही तेच होतंय असं समजा. वाऱ्याच्या उलट बाजूची एक खिडकी आणि समोरचं दार उघडा. ताडपत्री खालपर्यंत बांधू नका, वर हातभर फट ठेवा. खिडकीत बाहेर तोंड करून टेबलफॅन लावला तर आतली हवा ओढून बाहेर टाकतो, त्याने पुष्कळ फरक पडतो. छताचा पंखा मात्र तीच हवा गरगर फिरवतो, तो पुरेसा नाही. जुन्या कौलारू घरात कौलांच्या फटींतून आणि भिंतीच्या माथ्यावरच्या मोकळ्या जागेतून हवा आपोआप खेळायची. आता स्लॅबची घरं झाली, स्लायडिंगच्या खिडक्या आल्या, पाहुण्यांसाठी एसी बसले. घर कोरडं राहतं, पण कोंदटही राहतं. पावसाळ्यात घरोघरी तापाची लागण होते त्यात या बंद घरांचा वाटा मोठा आहे, असं माझं इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसनंतरचं मत आहे. आणि जमेल तिथे भजन अंगणातल्या मांडवात घ्या, बाजू उघड्या ठेवून.

आता बाळाकडे येतो. लहान बाळांना ज्या विषाणूने छाती भरते, घरघर लागते, त्यांत आरएसव्ही हा सगळ्यात महत्त्वाचा. धडधाकट मोठ्या माणसाला त्याने बहुतेक वेळा नुसती सर्दी होते, बाळाला न्यूमोनियापर्यंत नेतो. 1981 साली न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टरमध्ये यावर एक साधा, स्पष्ट प्रयोग झाला. आजारी बाळाला कुशीत घेऊन सांभाळणाऱ्या 7 जणांपैकी 5 जणांना लागण झाली. बाळ जवळ नसताना फक्त त्याच्या पाळण्याच्या, आजूबाजूच्या वस्तू हाताळून मग स्वतःच्या नाका-डोळ्यांना हात लावणाऱ्या 10 पैकी 4 जणांना झाली. आणि काही फुटांवर नुसत्या बसून राहिलेल्या 14 पैकी एकालाही नाही. म्हणजे इथे हात आणि वस्तू या खरोखरच वाहक आहेत. सगळ्या विषाणूंना एकच नियम लावता येत नाही तो यासाठी.

घरात हे कसं होतं ते मी दवाखान्यात रोज पाहतो. आई एका हाताने मोठ्या मुलाचं वाहतं नाक पदराने पुसते, आणि त्याच हाताने मांडीवरच्या बाळाच्या तोंडातली चोखणी सरळ करते. मध्ये काही सेकंदही जात नाहीत. विषाणू ओला आहे, ताजा आहे, भरपूर आहे आणि थेट तोंडात चाललाय. मी वर सांगितलेल्या गळतीच्या सगळ्या पायऱ्या इथे वगळल्या जातात. गणपतीला तर बाळ या मांडीवरून त्या मांडीवर फिरत असतं, आत्या पापी घेते, मामा गाल ओढतो, भावंडं त्याच्या मुठीत आपलं बोट देतात आणि ती मूठ लगेच तोंडात जाते.

म्हणून तुमची पुसण्याची सगळी ताकद इथे लावा. बाळाला घेण्याआधी साबणाने हात, कोणीही असो, वीस सेकंद चोळून. तोंडाची पापी नाही. सर्दी-खोकला असलेल्या माणसाने, मग ती सख्खी आजी का असेना, पाच-सात दिवस बाळाला उचलायचं नाही. आईलाच सर्दी झाली तर अंगावरचं दूध चालू ठेवायचं, हात धुऊन आणि तोंडाला मास्क बांधून. बाळाचं खेळणं आणि चोखणी भावंडांच्या हातात जाऊ देऊ नका, रोज साबणाने धुवा. पाहुण्यांना हे सांगायला संकोच वाटतो, मला माहीत आहे. माझ्या नावावर सांगा, डॉक्टरांनी बजावलंय म्हणा.

सासूबाईंसाठी मला एका गोष्टीची ताकीद द्यायची आहे. दम्याच्या माणसाच्या घरात फिनेल, ब्लीच, सोडियम हायपोक्लोराइट यांची फवारणी करू नका. बंद खोलीतल्या त्या वाफेने त्यांना जेवढा त्रास होईल, तेवढा टाळावरच्या विषाणूने होणार नाही. ब्लीच आणि संडास धुवायचं ॲसिड तर कधीही एकत्र करू नका, त्यातून विषारी वायू निघतो. त्यांना दरवर्षी फ्लूची लस द्या, पावसाळ्याआधी, कारण आपल्याकडे फ्लूचा जोर पावसाळ्यात असतो. बाळाला ती सहा महिन्यांच्या आत देता येत नाही, म्हणून त्याच्या आईबाबांनीही घ्यावी. चाकरमान्यांना गाडीत बसायच्या आधी फोन करून सांगा, की अंगात ताप असेल तर दोन दिवस उशिरा या. तापात रेल्वेचं तिकीट रद्द करणं जिवावर येतं, पण घरातल्या आजीला वाचवायचा याहून स्वस्त उपाय मला ठाऊक नाही. आलेल्या कोणाला इथे खोकला सुरू झालाच, तर त्याची झोपायची जागा पडवीत करा आणि सासूबाईंच्या खोलीत त्याने जायचं असेल तर चांगला बसणारा मास्क लावूनच जावं.

भांड्यांचं काय, तर वेगळी ठेवायची गरज नाही. फ्लू, कोरोना आणि आरएसव्ही यांच्याभोवती चरबीचं पातळ आवरण असतं, ते भांड्याच्या साबणाने विरघळतं आणि विषाणू निकामी होतो. फुलपात्र एकच असलं तरी आपल्याकडे वरून पाणी पितात ती पद्धत उत्तम आहे, ती मोडू नका. मुलांनी तोंड लावलेला पेला दुसऱ्याने लावू नये, एवढं पुरे.

नोटांवर स्वित्झर्लंडमध्ये 2008 साली काम झालं. शेंबडात मिसळलेला फ्लूचा विषाणू नोटेवर 17 दिवसांपर्यंत टिकलेला आढळला. हा आकडा ऐकून घाबरायला होतं, पण तेवढा विषाणू तिथे मुद्दाम घातला होता. बाजारातून मासळी घेऊन आलात की नाहीतरी हात धुताच. नोटा हाताळल्या म्हणून त्याहून वेगळं काही करायला नको, इस्त्री तर नकोच.

टाळ, पेटी, पखवाज भजनानंतर कोरड्या फडक्याने पुसून ठेवा, वाद्यांच्या तब्येतीसाठी. पेटीवर सॅनिटायझर मारू नका, पट्ट्या खराब होतात. आणि हे विशेष सांगतो, हाताला सॅनिटायझर लावून तो ओला असताना निरांजन हातात घेऊ नका, समईजवळ त्याची बाटली ठेवू नका. त्यात बहुतांश अल्कोहोल असतं, ते पेट घेतं. देवघरापाशी साबण-पाणीच बरं.

पर्यटकांच्या खोल्यांबद्दल. सर्दी झालेल्या लोकांना हॉटेलात एक रात्र ठेवून केलेल्या एका अमेरिकी अभ्यासात, त्यांनी हात लावलेल्या ठिकाणांपैकी जवळपास एक तृतीयांश ठिकाणी सर्दीच्या विषाणूचे अंश सापडले होते, दिव्याची बटणं, नळ, दाराची कडी अशा जागी. तेव्हा पाहुणे गेल्यावर हीच ठिकाणं आणि टीव्हीचा रिमोट साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा. चादरी-उशांचे अभ्रे नेहमीसारखे धुवा. आणि नवे पाहुणे येण्याआधी तासभर दारं-खिडक्या सताड उघड्या ठेवा. ऊन पडलं तर गाद्या उन्हात टाका. सुकलेल्या लाळेतला कोरोनाचा विषाणू उन्हाळी उन्हात सात-एक मिनिटांत 90 टक्के मरतो, असं प्रयोगशाळेत दिसलंय. पावसाळ्यात ऊन मिळत नाही, तेव्हा साबण आहेच.

दोन आजारांच्या बाबतीत मात्र मी वस्तूंवर जास्त जोर देईन. डोळ्यांची साथ, जशी 2023 च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर आली होती, ती हात, टॉवेल आणि उशीवरून झपाट्याने पसरते. अशा साथीत अनेकदा ॲडिनोव्हायरस असतो. त्याला चरबीचं आवरण नसतं, तो वस्तूंवर कितीतरी दिवस टिकतो आणि सॅनिटायझरला सहज दाद देत नाही. डोळे आलेल्याचा टॉवेल वेगळा म्हणजे वेगळाच. तसंच जुलाब-उलट्यांचे विषाणू. प्रसादाचं ताट वाढणाऱ्या माणसाला जुलाब होत असतील तर त्याने वाढायलाच उभं राहू नये.

या विषयावर शास्त्रज्ञांमध्ये अजून बोलणं चालू आहे. लंडनमधल्या कोरोनाग्रस्त घरांवरचा एक अभ्यास 2023 मध्ये आला, त्यात ज्या घरांत माणसांच्या हातांवर आणि वारंवार हाताळल्या जाणाऱ्या जागांवर विषाणू सापडला, तिथे इतरांना लागण होण्याचं प्रमाण जास्त दिसलं. उलट व्हर्जिनियाच्याच संशोधकांनी 2012 मध्ये लोकांना दिवसभर दर काही तासांनी हाताला जंतुनाशक लावायला दिलं, तरी ऱ्हायनोव्हायरसची लागण लक्षणीय घटली नाही. मी दोन्ही वाचून असं ठरवलंय, की एकाच घरात आजारी माणसाबरोबर राहताना हात जपायचे, आणि गर्दी जमते तिथे हवा जपायची.

शेवटी, दोघांकडे लक्ष ठेवायच्या खुणा लिहून देतो, कागदावर उतरवून फ्रिजवर लावा. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट त्याचे श्वास मोजा. दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंतच्या बाळाचे श्वास मिनिटाला 50 किंवा जास्त असतील, श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल, ते दूध ओढत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर सकाळची वाट पाहू नका. सासूबाईंना ताप आला तर पहिल्या 48 तासांत डॉक्टरांना दाखवा, कारण फ्लूवरचं औषध तेव्हाच सर्वात चांगलं लागू पडतं. पंप घेऊनही धाप बसत नसेल, वाक्य एका दमात पुरं होत नसेल, तर थेट रुग्णालय. गणपतीच्या दिवसांत गावातले बरेच दवाखाने रात्री बंद असतात, म्हणून जवळच्या कोणत्या ग्रामीण रुग्णालयात चोवीस तास डॉक्टर आणि ऑक्सिजन आहे ते चतुर्थीच्या आधीच विचारून ठेवा, आणि गाडी नसेल तर 108 ला फोन लावा.